आखाजीचा रस आणि जावयाचा लॅपटॉप

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्या घरात सण नंतर होता. आधी तो माझ्या बापाचं साल ठरायचा दिवस होता. खानदेशात सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचा, करार आखाजीला संपतो आणि पुढच्या वर्षाचा त्याच दिवशी ठरतो. बाप पहूरकडच्या एका केळीवाल्याकडे सालदार. सकाळी धुतलेला रुमाल बांधून तो मालकाच्या ओट्याखाली जाऊन उभा राहायचा. ओट्यावर नव्हे, ओट्याखाली. मालक पोटभर जेवून, बोटाचा रस पुसत बाहेर येई आणि विचारी, "काय रे, राहतो का औंदा?" जणू बापापुढे दहा नोकऱ्या ताटकळत बसल्या होत्या. बाप मान हलवायचा. परतताना हातात मालकिणीने दिलेला रसाचा डबा असे. त्यात आंबा नावाला, बाकी पाणी. रस हा घट्ट पदार्थ असतो, हे मला फार उशिरा, दुसऱ्यांच्या पंगतीत कळलं.

बापाचं खरं काम केळीला पाणी भरण्याचं. वीज आली की उठायचं, फावडं खांद्यावर टाकायचं, पाण्याचा दांड फोडायचा, दांड बांधायचा. पायांच्या बोटांना बारा महिने चिखल्या. आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची आणि आमचे सदरे त्यांच्याच घरच्या जुन्या कपड्यांतून बेतायची. शाळेत मालकाचा मुलगा माझ्या अंगावरचा सदरा ओळखायचा आणि मोठ्याने सांगायचाही.

पुढे मी शिकलो. कृषी अभियांत्रिकीची पदवी घेतली. घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक आतून पाहिलेलं नव्हतं. हे मी कुणी न विचारताही सांगतो. ज्याच्या आज्याने डिग्री घेतली त्याला नम्रता परवडते. मला परवडत नाही.

पदवी घेऊन मी जळगावात एका नळीवाल्याच्या दुकानात काउंटरवर उभा राहिलो. ठिबकच्या नळ्या, व्हॉल्व्ह, फिल्टर असा माल. मालकाचा मापनशास्त्रावर विश्वास नव्हता. तो मोटारसायकलवरून न उतरता शेताकडे एक नजर टाकायचा आणि म्हणायचा, "तीन इंची टाका सरसकट." त्याच्या नजरेने टाकलेल्या नळ्यांतून विहिरीजवळच्या वावरात पाणी धो धो यायचं. शेपटाकडच्या वावरात नळी नुसते सुस्कारे टाकायची. तक्रार घेऊन आलेल्या शेतकऱ्याला तो सांगे, "तुमची जमीनच तशी आहे." एक दिवस मी त्याला सांगितलं की जमीन जशी असते तशीच असते, नळी तिच्या हिशेबाने टाकायची असते. तो म्हणाला, "मग तू टाक." मी बाहेर पडलो.

पिंप्राळ्यात भाड्याच्या दोन खोल्या, एक स्कूटर आणि एक लॅपटॉप, एवढ्यावर माझा स्वतःचा धंदा सुरू झाला. पहिलं मोठं काम एरंडोल तालुक्यातल्या एका गावात मिळालं. तिथे शेतकऱ्यांच्या गटाचं सामाईक शेततळं होतं. त्यातून सगळ्यांच्या वावरात सारखं पाणी न्यायचं होतं. पहिल्याला जेवढं, तेवढंच शेवटच्याला. मी बांधाबांधाने फिरून जमिनीचे चढउतार मोजले आणि नकाशा लॅपटॉपवर काढायला घेतला. आखाजीनंतरच्या सोमवारी गटाची बैठक होती. त्या बैठकीला माझा जुना मालकही येणार होता. गटातल्या आबांनी, म्हणजे शेपटाकडच्या वावराच्या म्हाताऱ्या मालकाने, मला स्पष्ट सांगितलं होतं, "भाऊ, नकाशा आणला तर काम तुमचं. नाही आणला तर त्याचं. पावसाच्या आत नळी जमिनीत गेली पाहिजे." काम गेलं असतं तर मला पुन्हा त्याच काउंटरवर जावं लागलं असतं. आणि त्याने मला आनंदाने घेतलं असतं. भीती त्या आनंदाचीच होती.

आणि मधे आली आखाजी. सासुरवाडी धुळ्याला. आखाजीला लेक माहेरी गेली नाही तर खानदेशात जावयाला नावं ठेवतात. मी लॅपटॉप पिशवीत घातला तेव्हा बायको म्हणाली, "माणसं सासरी जाताना मिठाई नेतात. तुम्ही चार्जर न्या."

सासरे हयात नाहीत. घरचे कर्ते म्हणजे बायकोचे काका, ज्यांना सगळे नाना म्हणतात. आग्रा रोडवर त्यांचा ट्रकचा धंदा होता, त्यामुळे आवाज अजून पुढच्या ट्रकला साइड मागितल्यासारखा. मनाने मोठा माणूस, पण ते मोठं मन समोरच्याच्या अंगावर घालायची सवय. पंगतीला शेजारपाजारचे चारजण बोलावलेले. नानांनी ओळख करून दिली, "हे मोठे जावई, सरकारी खात्यात. आणि हे धाकटे. हे काय करतात, तेच सांगतील."

"इंजिनिअर आहे," मी म्हणालो.

"म्हंजे कॉम्प्युटरवर पाइप टाकतस," नानांनी भर घातली. पंगत हसली. माझे साडू, म्हणजे सरकारी खात्यातले मोठे जावई, सर्वांत नीट हसले. ते हसणंही टेबलावरून मंजूर होऊन आल्यासारखं होतं.

"दाखवा तरी पाव्हण्यांना," नाना म्हणाले. बायकोने डोळ्यांनी नको म्हटलं. पण मला दाखवायचं होतं. का नसावं? मी ताटाशेजारच्या रिकाम्या पाटावर लॅपटॉप उघडला. नकाशा जवळजवळ पुरा झाला होता. मुख्य नळी लाल, फाटे निळे, प्रत्येक वावराच्या तोंडाशी पाण्याचा दाब लिहिलेला. शेजारचे खरोखर वाकून पाहू लागले. साडूंनी विचारलं, "याच्यात गेम पण खेळता येतात का?"

तेवढ्यात रसाचा दुसरा फेरा निघाला.

आमच्या आग्रहाचं एक शास्त्र आहे. पहिलं 'नको' म्हणजे संकोच. दुसरं 'नको' म्हणजे लाज. तिसरं 'नको' म्हणजे वाढणाऱ्याचा अपमान. चौथं 'नको' अजून कुणी म्हणून पाहिलेलं नाही. पाहुण्याने वाटीवर आडवा हात धरावा, वाढणाऱ्याने त्या हातावरच ओतावं, रस गार लागला की हात आपोआप मागे जातो आणि वाटी भरते. याला प्रेम म्हणतात. नाना या विद्येत आसपासच्या तालुक्यांत नावाजलेले. ते ओगराळ्याने वाढत नसत, थेट स्टीलच्या जगाने वाढत.

"घ्या ना, जवाईबापू! एवढास्सा तर शे."

"नको नाना, खरंच नको."

"नको म्हनतस म्हंजे पोटमा जागा शे!"

हात धरून उपयोग नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी वाटीच उचलून बाजूला नेली. वाटी जिकडे गेली तिकडे जग गेला. वाटेत लॅपटॉप होता.

मी ठिबकचा माणूस. थेंब थेंब, मुळाशी, गरजेपुरतं, हे सांगत मी गावोगाव फिरतो. नानांनी माझ्या लॅपटॉपला मोकाट पद्धतीने पाणी दिलं. रस आधी किबोर्डवर साचला, मग बटणांच्या फटींतून शांतपणे आत मुरला. वर तूप होतं, ते पडद्यावरून ओघळलं. लाल नळ्या, निळे फाटे एकदा थरथरले, आडव्या रंगीत रेघा आल्या आणि सगळं काळं झालं.

नाना म्हणाले, "काही नही व्हस! रसच शे तो, काय ॲसिड शे का?"

बायको तेवढ्यात उठली, चार्जर उपटला, लॅपटॉप बंद केला आणि तंबूसारखा पालथा उभा केला, निथळावा म्हणून. एवढं एकच काम त्या दिवशी त्या घरात बरोबर झालं. मी उठणार होतो, पण आखाजीला जावई भरल्या ताटावरून उठला तर रुसला असा अर्थ होतो, आणि जावई रुसला तर घराला बट्टा. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. लॅपटॉपकडे कुणीच पाहत नव्हतं. मी म्हणालो, "काही नाही झालं." सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि नानांनी माझी वाटी भरली.

जेवण झालं तर आहेर. टिळा, टॉवेल, टोपी, नारळ. मी पाटावर टोपी घालून बसलेलो, कपाळावर अक्षता, बायको माझ्या शेजारी ओटीत नारळ घेऊन अडकलेली, आणि आतल्या खोलीत माझ्या सहा आठवड्यांच्या कामावर उपचार सुरू झालेले. ते मला नंतर तुकड्या-तुकड्याने कळले. सासूबाईंनी, ज्यांना घरात अक्का म्हणतात, चिकट राहिलं तर मुंग्या लागतील म्हणून लॅपटॉप ओल्या फडक्याने आतबाहेर पुसला, जसा ओटा पुसतात तसा. साडूंनी फोनवरचा व्हिडिओ पाहून जाहीर केलं की तांदळात पुरून ठेवायचा असतो. अक्का म्हणाल्या, "एवढे तांदूळ कुठून आणू? दादर चालंल का?" दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. साडूंनी सरकारी माणसासारखा थोडा विचार करून मंजुरी दिली. लॅपटॉप दादरच्या पिंपात गेला. मग नाना आले आणि म्हणाले, हा काय येडेपणा, यंत्र कधी धान्यात ठेवतात का!

मी टोपी काढून आत गेलो तेव्हा पिंप उघडं होतं आणि लॅपटॉप नव्हता.

"गच्चीवर शे," नाना म्हणाले. "धुळाना ऊनमा हत्ती बी सुकी जाई."

धुळ्याचं मे महिन्यातलं ऊन ज्याने खाल्लं आहे त्याला वेगळं सांगायला नको. गच्चीवर जुन्या साड्या अंथरून ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, आणि कुरडया वाळत घातल्या होत्या. त्यांच्या मधोमध, पुस्तकासारखा उघडा, माझा लॅपटॉप. उडू नये म्हणून पडद्यावर विटेचा तुकडा. बटणांच्या फटींत दादरचे दाणे. आणि भिंतीच्या कडेने निघालेली मुंग्यांची रांग बिबड्यांना वळसा घालून, कुरडयांकडे ढुंकूनही न पाहता, थेट यूएसबीच्या भोकात शिरत होती.

मी विटेचा तुकडा उचलला. बायकोचा आवाज फुटला. "नाना, तुम्ही ट्रकच्या इंजिनात रस ओतून उन्हात ठेवता का?"

"ट्रक रोज ऊनमाच ऱ्हास," नाना म्हणाले. त्यांना खरोखर त्यात काही चूक दिसत नव्हती.

त्या दिवशी बाजार बंद. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुकान उघडताच मी, बायको आणि नाना दुरुस्तीवाल्याकडे हजर. नानांना कुणी बोलावलं नव्हतं. ते "मी बी येस" म्हणाले आणि रिक्षात मधोमध बसले.

दुरुस्तीवाला हुशार होता आणि ते त्याला माहीत होतं. लॅपटॉप उघडायच्या आधीच तो म्हणाला, "मदरबोर्ड गेला."

"उघडून तरी बघा."

"बघायचं काय त्यात. काय सांडलं, पाणी?"

"रस."

"उसाचा?"

"आंब्याचा."

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "चहावाले रोज येतात. बियरवाले येतात, ते पाणी सांडलं म्हणून सांगतात. आमरसवाले तुम्ही पहिले. तूप घातलं होतं का?"

"घरचं," नाना अभिमानाने म्हणाले.

त्याने मागचं झाकण काढलं. आत रस वाळून आंब्याचं साट तयार झालं होतं. त्यात दादरचे दाणे जडवलेले. मुंग्या आपला संसार मांडून बसल्या होत्या. बॅटरी तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगली होती. ती त्याने हळूच काढून दुकानाबाहेर वाळूच्या बादलीत ठेवली आणि विचारलं, "उन्हात ठेवला होता का?" आमच्या तिघांपैकी एकाने दुकानाच्या छताकडे पाहिलं.

"ठेवून जा," तो म्हणाला. "आठेक दिवसांनी फोन करा. नाही तर नवा दाखवू का? स्कीम चालू आहे."

"नवा नको, जुनाही राहू द्या," बायको म्हणाली. "आतली डिस्क काढा. दुसऱ्या मशीनला लावून दाखवा. आत्ता. आमच्यासमोर."

"ताई, असं नसतं."

"मग कसं असतं?"

त्याने डिस्क काढली, पुसली, दुकानाच्या कॉम्प्युटरला जोडली. फोल्डर दिसले. मोजणीचे आकडे उघडले, सगळ्या वावरांचे, एकही न गळता. नकाशाची फाइल उघडेना. रस पडला तेव्हा ती उघडी होती, तशीच अर्धी मेली. मेलवर एक जुनी प्रत होती, पण ती आबांकडची शेपटाची वावरं गटात यायच्या आधीची, म्हणजे नेमक्या कामाच्या जागी कोरी. आकडे वाचले होते, नकाशा गेला होता. तो पुन्हा काढायचा तर मशीन हवं. ओळखीतल्या कुणाकडे माझं सॉफ्टवेअर चालेल असं मशीन नव्हतं. समोर बसलेल्या दुरुस्तीवाल्याकडे होतं, पण तो नव्या लॅपटॉपच्या स्कीमवरून हटेना.

इथे नाना स्टुलावर पुढे सरकले. "दादा, तुमनं गाव कोनतं?"

दुरुस्तीवाल्याने साक्रीकडचं एक गाव सांगितलं. "तठला कोना घरना?" खानदेशात हे प्रश्न सुरू झाले की तिसऱ्या प्रश्नाला नातं निघतंच. निघालं. त्याच्या काकाच्या लग्नाचं वऱ्हाड नानांच्या ट्रकमधून गेलं होतं आणि वाटेत टायर फुटल्यामुळे मुहूर्त टळला होता. मला वाटलं, आता हाकलतो. पण तो हसायला लागला. "ते तुम्ही होय! आमचे काका अजून शिव्या देतात." शेवटी रविवारी दुकान अर्धं उघडं ठेवायचं आणि मी आतल्या मशीनवर बसायचं, असं ठरलं. शिव्यांचं नातं हे आमच्याकडे पक्कं नातं.

रविवारी मी सकाळपासून कामाला लागलो. नाना दाराशी स्टूल टाकून बसले. त्यांना कुणी राखण सांगितली नव्हती. दुरुस्तीवाल्याने चहा मागवला. दुकानात आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडणं हा धुळ्यात गुन्हा आहे. चहावाला पेले घेऊन माझ्या मशीनकडे निघाला आणि नाना उभे राहिले.

"नही. तठे नही."

"अहो नाना, एक घोट," दुरुस्तीवाला म्हणाला.

"नही."

"चहाला नाही म्हणू नये, पाहुणे आहेत ते."

"नही." चहावाल्याने तरीही पाऊल पुढे टाकलं, तेव्हा "नही म्हंजे नही!" नाना गरजले. रस्त्यावरचे दोघे थांबून पाहू लागले. चौथं 'नको' मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही कुणाकडून! नानांनी तिन्ही पेले हातात घेतले, उन्हात रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि एकामागून एक तिन्ही चहा स्वतः प्यायले. दुपारी असंच उसाच्या रसाबरोबर झालं. संध्याकाळी ताकाबरोबर. नानांनी मला सॉरी म्हटलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. पण त्या दिवशी माझ्या वाट्याचं सगळं त्यांनी पोटात घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं पोट बिघडलं, एवढी नोंद मी करून ठेवतो.

नकाशा झाला. मोठ्या कागदावर छापायची सोय नव्हती, म्हणून साध्या पानांवर तुकडे छापले आणि बायकोने ते चिकटपट्टीने जोडले. तिचा जोड माझ्या छपाईपेक्षा सरळ होता.

सोमवारी शेततळ्याच्या बांधावर बैठक. जुना मालक माझ्याआधी येऊन बसलेला, मांडीवर रंगीत कॅटलॉग. खानदेश लांबरुंद आहे, पण बातमीला तो अगदीच आखूड पडतो.

"या इंजिनिअर!" तो म्हणाला. "लॅपटॉपला रस पाजला म्हणे? पचला का?"

सगळे हसले. मी नकाशा अंथरला, चारही कोपऱ्यांवर ढेकळं ठेवली. आबा उकिडवे बसून आपलं वावर शोधू लागले. मी बोट ठेवून दाखवलं.

"इथं किती पाणी येईल?"

"पहिल्या वावरात येईल तेवढंच. इथे चढ आहे, म्हणून इथपर्यंत नळी जाड घेतली, पुढे बारीक."

"कागदावर सगळं येतं," जुना मालक म्हणाला. "मी सांगतो, तीन इंची टाका सरसकट. सपाट तर आहे सगळं."

आबांनी मान वर केली. "सपाट?"

"सपाटच की. मी रस्त्यावरून पाहिलं ना."

"रस्त्यावरून पाहिलं," आबा हळूच म्हणाले. "माझ्या वावराकडे गाडी नेताना बैलांना फेस येतो, भाऊ. तुमच्या मोटारसायकलला आला नाही, कारण ती तिकडे कधी आलीच नाही." आता हशा दुसऱ्या बाजूने आला. जुन्या मालकाने कॅटलॉग मिटला, सगळ्यांना एकेक देऊन ठेवला आणि निघाला. कॅटलॉगचा कागद चांगला होता. आबांनी तो बसायला घेतला.

सासुरवाडीत ही गोष्ट आता वेगळी सांगतात. त्या गोष्टीत रस कुणी सांडला ते येत नाही, 'सांडला' एवढंच येतं. पुढे साडूंनी योग्य वेळी तांत्रिक सल्ला दिला, अक्कांनी दादर दिली, नानांनी ओळख काढली आणि धाकट्या जावयाचं काम झालं. डिस्क काढायला लावणारी बायको त्या गोष्टीत पिशवी धरून उभी असते. पहिल्यांदा तिने सगळ्यांना मधेच थांबवलं होतं. आता थांबवत नाही, पण ऐकताना ताटं जरा आपटून उचलते.

पाऊस सुरू व्हायच्या आत नळी जमिनीत गेली. पाणी सोडलं त्या दिवशी मी पहिल्या आणि शेवटच्या वावरात सारख्याच बाटल्या लावून पाहिल्या, त्या सारख्याच वेळात भरल्या. त्या कामावरून मला पुढची कामं मिळाली. मी काउंटरवर परत गेलो नाही. एरंडोल तालुक्यातल्या त्या गावाची नळी आजही चालू आहे, आणि तिचा नकाशा माझा आहे.